मोलर वस्तुमान कसे काढावे: सूत्र वाचण्यापासून पदार्थ तोलण्यापर्यंत

रसायनशास्त्र नव्याने शिकू लागलेल्या प्रत्येकाला एक गणित अगदी सुरुवातीपासून आणि पुढे कायमच करावे लागते, ते म्हणजे दिलेल्या संयुगाचे मोलर वस्तुमान काढण्याचे. या गणितात गुणाकार आणि बेरीज यांपलीकडे काहीही नाही. तरीही उत्तरे चुकतात, आणि नवख्या विद्यार्थ्यांच्या वह्या तपासताना मला असे सतत दिसत आले आहे की बेरीज बहुधा बरोबर असते, चूक त्याआधीच, सूत्र वाचताना झालेली असते. कंसाबाहेरचा अंक कोणाला लागू होतो, मध्येच आलेल्या टिंबाचा अर्थ काय, एकच मूलद्रव्य सूत्रात दोन ठिकाणी आले आहे का, या प्रश्नांकडे दुर्लक्ष झाले की पुढची सारी आकडेमोड वाया जाते. म्हणून या लेखात मी आकडेमोडीपेक्षा सूत्राच्या वाचनावर अधिक वेळ घालवणार आहे.

मोल ही कल्पना

एका पोत्यात एकसारखे खिळे भरलेले आहेत आणि ते किती आहेत हे आपल्याला हवे आहे, असे समजा. एकेक खिळा मोजत बसण्याऐवजी आपण एका खिळ्याचे वजन करू, ते २ ग्रॅम भरले आणि सगळे खिळे मिळून ३ किलोग्रॅम भरले, तर खिळे १५०० आहेत हे लगेच सांगता येईल. अणू आणि रेणू इतके लहान असतात की ते मोजण्याचा व्यवहार्य मार्ग हाच, म्हणजे तोलून मोजणे. फरक इतकाच की एका रेणूचे वस्तुमान ग्रॅममध्ये लिहिणे अतिशय गैरसोयीचे असल्यामुळे रसायनशास्त्रज्ञांनी रेणूंचा एक प्रचंड मोठा गठ्ठा ठरवून घेतला आहे. त्या गठ्ठ्याला मोल म्हणतात, आणि एका मोलमध्ये ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण असतात. ही संख्या अ‍ॅव्होगॅड्रो अंक म्हणून ओळखली जाते.

१९७१ साली मोल हे आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीचे मूलभूत एकक ठरले, तेव्हा त्याची व्याख्या कार्बन-१२ या समस्थानिकाच्या (एकाच मूलद्रव्याच्या, पण वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंना समस्थानिके म्हणतात) १२ ग्रॅममध्ये जितके अणू असतात तितके कण अशी होती. २० मे २०१९ पासून ही व्याख्या बदलली असून आता वर दिलेली संख्या हीच व्याख्या आहे. या बदलाने आपल्या गणितात काही फरक पडत नाही, कारण जुन्या आणि नव्या व्याख्येतील तफावत दहा कोटींत एका भागापेक्षाही कमी आहे.

कोणत्याही पदार्थाच्या एका मोलचे वस्तुमान म्हणजे त्याचे मोलर वस्तुमान, आणि ते ग्रॅम प्रति मोल या एककात लिहितात. सोय अशी की एका अणूचे वस्तुमान डाल्टन या, अणूंसाठी वापरल्या जाणाऱ्या अतिशय लहान एककात जो आकडा दाखवते, तोच आकडा त्या मूलद्रव्याच्या एका मोलचे वस्तुमान ग्रॅममध्ये दाखवतो. कार्बनचे सरासरी अणुवस्तुमान १२.०११ डाल्टन आहे, तर कार्बनच्या एका मोलचे वस्तुमान १२.०११ ग्रॅम आहे. आकडा एकच असला तरी एकके वेगळी आहेत, आणि उत्तर लिहिताना ग्रॅम प्रति मोल हे शब्द गाळू नयेत.

आवर्तसारणीतून कोणता आकडा घ्यायचा

आवर्तसारणीच्या प्रत्येक चौकटीत निदान दोन आकडे असतात. त्यांपैकी पूर्णांक असलेला, एकेकाने वाढत जाणारा आकडा म्हणजे अणुअंक, तो प्रोटॉनची संख्या सांगतो आणि आपल्या कामाचा नाही. आपल्याला हवा तो सहसा दशांश चिन्ह असलेला आकडा, म्हणजे सरासरी अणुवस्तुमान. घाईत ऑक्सिजनसाठी १५.९९९ ऐवजी ८ घेतले जाणे ही नवख्यांची सर्वांत पहिली चूक असते. पूर्णांकच दिसत असेल आणि तो चौकोनी कंसात असेल, तर ते मूलद्रव्य किरणोत्सारी असून त्याला निश्चित सरासरी वस्तुमान नाही, कंसातला आकडा त्याच्या सर्वाधिक काळ टिकणाऱ्या समस्थानिकाचा अणुवस्तुमानांक आहे असे समजावे. रेडिअमच्या चौकटीतील २२६ हा अशा प्रकारचा आकडा आहे.

अणुवस्तुमाने पूर्णांकात का नसतात, हा प्रश्न पडायलाच हवा, आणि त्याचे उत्तर क्लोरीनमध्ये सर्वांत स्पष्ट दिसते. निसर्गात सापडणाऱ्या क्लोरीनच्या १०० अणूंपैकी सुमारे ७६ अणू क्लोरीन-३५ चे आणि सुमारे २४ अणू क्लोरीन-३७ चे असतात. या दोहोंची प्रमाणानुसार काढलेली सरासरी ३५.४५ येते. ३५.४५ डाल्टन वस्तुमानाचा क्लोरीनचा एकही अणू जगात नाही, पण तोलून घेतलेल्या कोणत्याही चिमूटभर पदार्थात अणूंची संख्या इतकी अफाट असते की सरासरीच खरी ठरते.

ही सरासरीसुद्धा सर्वत्र तंतोतंत सारखी नसते. समस्थानिकांचे प्रमाण पदार्थ कोठून आला यानुसार किंचित बदलते, आणि म्हणून शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे आययूपॅकने, २०१० मध्ये हायड्रोजन, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, गंधक आणि क्लोरीन यांच्यासह दहा मूलद्रव्यांची अणुवस्तुमाने एका आकड्याऐवजी मर्यादांच्या रूपात जाहीर केली. नित्याच्या कामासाठी त्यांतून एक सोयीचा आकडा निवडलेला असतो, आणि या लेखात मी तेच आकडे वापरले आहेत: हायड्रोजन १.००८, कार्बन १२.०११, नायट्रोजन १४.००७, ऑक्सिजन १५.९९९, सोडिअम २२.९९०, ॲल्युमिनिअम २६.९८२, फॉस्फरस ३०.९७४, गंधक ३२.०६, क्लोरीन ३५.४५, पोटॅशिअम ३९.०९८, कॅल्शिअम ४०.०७८, लोह ५५.८४५ आणि तांबे ६३.५४६. जुन्या तक्त्यांत क्लोरीनसाठी ३५.४५३ किंवा गंधकासाठी ३२.०६५ दिसेल. त्यामुळे दोन ठिकाणची उत्तरे शेवटच्या अंकात जुळली नाहीत, तर आपले गणित चुकले असे लगेच मानू नये.

संज्ञांविषयी एक सावधगिरी

देवनागरीत मोठी आणि लहान अक्षरे नसतात, आणि मराठीत विचार करणाऱ्या विद्यार्थ्याला रासायनिक संज्ञांमधील हा भेद सुरुवातीला क्षुल्लक वाटतो. तो क्षुल्लक नाही. मूलद्रव्याच्या संज्ञेतील पहिले अक्षर नेहमी मोठ्या लिपीतले आणि दुसरे असलेच तर लहान लिपीतले असते. त्यामुळे मोठा सी आणि लहान ओ म्हणजे कोबाल्ट, ज्याचे मोलर वस्तुमान ५८.९३३ आहे, तर मोठा सी आणि मोठा ओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, ज्याचे मोलर वस्तुमान २८.०१० आहे. सूत्र उतरवून घेताना अक्षर किती मोठे काढतो याकडे लक्ष हवे, आणि सूत्र वाचताना प्रत्येक मोठ्या अक्षराशी नवे मूलद्रव्य सुरू होते हा नियम धरून चालावे.

काही संज्ञा नावाशी जुळत नाहीत, कारण त्या लॅटिन नावांवरून आल्या आहेत. सोडिअमची एनए ही संज्ञा नॅट्रिअमवरून, पोटॅशिअमची के कॅलिअमवरून, लोहाची एफई फेरमवरून, चांदीची एजी अर्जेंटमवरून आणि शिशाची पीबी प्लंबमवरून आली आहे. के पाहून भलत्याच मूलद्रव्याचा आकडा घेतला जाऊ नये म्हणून एवढ्या संज्ञा तरी पाठ असाव्यात.

या लेखात सूत्रे उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत. संज्ञेनंतर आलेला अंक त्याच्या लगेच आधी असलेल्या संज्ञेच्या अणूंची संख्या सांगतो, आणि अंक नसेल तर अणू एकच आहे असे समजायचे. जिथे दोन अक्षरी संज्ञेमुळे गोंधळ होऊ शकतो तिथे मध्ये जोडरेघ दिली आहे. छापील पुस्तकांत हे अंक ओळीच्या किंचित खाली, लहान आकारात असतात.

पहिले उदाहरण: पाणी

पाण्याचे सूत्र एच२ओ. त्यात हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू आहे.

हायड्रोजन: २ × १.००८ = २.०१६
ऑक्सिजन: १ × १५.९९९ = १५.९९९
एकूण: १८.०१५ ग्रॅम प्रति मोल

पद्धत एवढीच आहे. सूत्र नीट लिहून घ्यायचे, त्यातील प्रत्येक मूलद्रव्याचे अणू मोजायचे, प्रत्येकाची संख्या त्याच्या अणुवस्तुमानाने गुणायची आणि आलेले गुणाकार मिळवायचे. मी नवख्यांना आग्रहाने सांगतो की पहिले काही महिने प्रत्येक मूलद्रव्यासाठी स्वतंत्र ओळ लिहावी, कारण सगळे एकाच ओळीत गणनयंत्रावर दाबत गेल्यास चूक कोठे झाली हे नंतर शोधता येत नाही.

पाण्याच्या याच उदाहरणावर एक मोठा शास्त्रज्ञ अडला होता. जॉन डाल्टन यांनी १८०८ साली आपला अणुसिद्धांत ग्रंथरूपाने मांडला, तेव्हा पाण्याच्या कणात हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एकच अणू असतो असे त्यांनी गृहीत धरले होते. हायड्रोजनचे वजन १ मानून, त्या काळच्या ढोबळ मोजमापांच्या आधारे, त्यांनी ऑक्सिजनचे वजन ७ ठरवले. मोजमाप अचूक असते तरी उत्तर ८ च्या आसपास आले असते, १६ नव्हे, कारण सूत्रच निम्मे होते. अ‍ॅव्होगॅड्रो यांनी १८११ मध्ये वायूंच्या आकारमानांवरून योग्य वाट दाखवली होती, पण ती सर्वमान्य व्हायला १८६० साली कार्ल्सरूए येथे भरलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेची आणि तिथे कानिझारो यांनी हिरिरीने केलेल्या मांडणीची वाट पाहावी लागली. अर्धशतकभर अणुवस्तुमानांचे तक्ते एकमेकांशी जुळत नव्हते, त्याचे मोठे कारण सूत्रांविषयीचा हा गोंधळ होता. आपल्या वहीतली चूक त्याच जातीची असते.

साधी सूत्रे

चुनखडीतील कॅल्शिअम कार्बोनेटचे सूत्र सीए-सीओ३. यात ३ हा अंक केवळ ऑक्सिजनचा आहे, कार्बनचा नाही.

कॅल्शिअम: १ × ४०.०७८ = ४०.०७८
कार्बन: १ × १२.०११ = १२.०११
ऑक्सिजन: ३ × १५.९९९ = ४७.९९७
एकूण: १००.०८६ ग्रॅम प्रति मोल

ग्लुकोजच्या सूत्रात, सी६एच१२ओ६ मध्ये, अणू पुष्कळ असले तरी अडचण काहीच नाही. कार्बनचे ७२.०६६, हायड्रोजनचे १२.०९६ आणि ऑक्सिजनचे ९५.९९४ मिळून १८०.१५६ ग्रॅम प्रति मोल होतात.

सेंद्रिय संयुगांची सूत्रे मात्र पुष्कळदा रेणूची रचना दिसावी अशा रीतीने लिहिलेली असतात, आणि तिथे एकच मूलद्रव्य पुन्हा पुन्हा येते. ॲसेटिक आम्ल सीएच३सीओओएच असे लिहितात. यात कार्बन दोन ठिकाणी, हायड्रोजन दोन ठिकाणी आणि ऑक्सिजन लागोपाठ दोनदा आलेला आहे. डावीकडून उजवीकडे जात प्रत्येक अणूवर पेन्सिलीने खूण करत मोजले, तर कार्बन २, हायड्रोजन ४ आणि ऑक्सिजन २ मिळतात, आणि उत्तर २४.०२२ + ४.०३२ + ३१.९९८ = ६०.०५२ येते. शेवटचा हायड्रोजन विसरला की उत्तर १.००८ ने कमी भरते, आणि इतका छोटा फरक नजरेत भरत नसल्यामुळे ही चूक बराच काळ लपून राहते.

मिठासारख्या पदार्थाबद्दल इथेच एक खुलासा करायला हवा. सोडिअम क्लोराइडचे, एनए-सीएलचे, मोलर वस्तुमान २२.९९० + ३५.४५ = ५८.४४ ग्रॅम प्रति मोल येते, पण मिठाच्या स्फटिकात सोडिअम आणि क्लोरीन यांची जोडी असलेले सुटे रेणू नसतात. तिथे धन आणि ऋण आयनांची, म्हणजे विद्युतभारित अणूंची, सलग जाळी असते आणि सूत्र केवळ त्यांचे प्रमाण सांगते. म्हणून अशा पदार्थांसाठी रेणुवस्तुमान हा शब्द काटेकोरपणे बरोबर नाही, सूत्रवस्तुमान म्हणावे. मोलर वस्तुमान हा शब्द दोन्हीकडे चालतो, आणि मला तो अधिक पसंत असण्याचे तेच कारण आहे. आयन तयार होताना इलेक्ट्रॉन जातो किंवा येतो, पण इलेक्ट्रॉनचे वस्तुमान सुमारे ०.०००५५ डाल्टन इतके अल्प असल्यामुळे आयनासाठीही अणूचाच आकडा वापरतात.

कंस

बहुतेक चुका इथे होतात, म्हणून इथे थोडे थांबू. विरलेल्या चुन्यातील कॅल्शिअम हायड्रॉक्साइडचे सूत्र सीए(ओएच)२ असे आहे. कंसाबाहेरचा २ हा अंक कंसातील प्रत्येक अणूला लागू होतो, म्हणजे ऑक्सिजनही दोन आणि हायड्रोजनही दोन. कॅल्शिअम कंसाबाहेर असल्यामुळे तो एकच राहतो.

कंसातील गट: १५.९९९ + १.००८ = १७.००७
दोन गट: २ × १७.००७ = ३४.०१४
कॅल्शिअम: ४०.०७८
एकूण: ७४.०९२ ग्रॅम प्रति मोल

कंसाकडे दुर्लक्ष करून ऑक्सिजन एकच धरला, तर उत्तर ५८.०९३ येते, म्हणजे नेमकी एका ऑक्सिजन अणूइतकी तूट पडते. अंक चुकून कॅल्शिअमलाही लावला, तर ११४.१७० येते.

ॲल्युमिनिअम सल्फेट हे याहून थोडे अवघड उदाहरण आहे, कारण एएल२(एसओ४)३ या सूत्रात कंसाच्या आतही अंक आहे आणि बाहेरही. आतला ४ केवळ ऑक्सिजनचा, बाहेरचा ३ संपूर्ण गटाचा, म्हणून ऑक्सिजनचे अणू ४ × ३ = १२ आणि गंधकाचे ३. एका सल्फेट गटाचे वस्तुमान ३२.०६ + ६३.९९६ = ९६.०५६, तीन गटांचे २८८.१६८, त्यात ॲल्युमिनिअमच्या दोन अणूंचे ५३.९६४ मिळवले की ३४२.१३ ग्रॅम प्रति मोल. आतला आणि बाहेरचा अंक यांची बेरीज करून ऑक्सिजन ७ धरणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. इथे गुणाकारच करायचा, कारण चार-चार ऑक्सिजनचे तीन गट आहेत.

गटांचे वस्तुमान एकदा काढून वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले, तर पुढचे काम फार सोपे होते: हायड्रॉक्साइड १७.००७, नायट्रेट ६२.००४, कार्बोनेट ६०.००८, सल्फेट ९६.०५६, फॉस्फेट ९४.९७०, अमोनिअम १८.०३९. मग अमोनिअम सल्फेट, म्हणजे (एनएच४)२एसओ४, हे दोन अमोनिअम आणि एक सल्फेट इतकेच उरते: ३६.०७८ + ९६.०५६ = १३२.१३. कॅल्शिअम फॉस्फेट, म्हणजे सीए३(पीओ४)२, त्याच रीतीने १२०.२३४ + १८९.९४० = ३१०.१७ येते.

कंसात कंस आला, तर सर्वांत आतल्या कंसापासून बाहेर यायचे. पोटॅशिअम फेरोसायनाइडचे सूत्र के४[एफई(सीएन)६]·३एच२ओ असे आहे. आतला सायनाइड गट २६.०१८, असे सहा म्हणजे १५६.१०८, त्यात लोहाचे ५५.८४५ आणि पोटॅशिअमचे चार अणू, म्हणजे १५६.३९२, मिळवून ३६८.३४५ होतात. टिंबानंतरच्या भागाचे काय, हा पुढचा विषय.

मध्यभागी असलेले टिंब

पुष्कळ क्षार स्फटिक बनताना पाण्याचे रेणू ठरावीक प्रमाणात आपल्यात सामावून घेतात. या पाण्याला स्फटिकजल म्हणतात, आणि सूत्रात ते टिंब देऊन लिहितात. गणितात असे टिंब गुणाकाराचे चिन्ह म्हणून वापरले जात असल्यामुळे नवखा विद्यार्थी इथे गुणाकार करून बसतो. हे टिंब ‘सोबत’ या अर्थाचे आहे, आणि तिथे बेरीज करायची असते. टिंबानंतर आलेला अंक मात्र त्याच्या पुढच्या संपूर्ण पाण्याच्या रेणूला गुणतो.

मोरचुदाचे, म्हणजे निळ्या कॉपर सल्फेटचे, सूत्र सीयू-एसओ४·५एच२ओ आहे.

तांबे: ६३.५४६
सल्फेट: ९६.०५६
पाणी: ५ × १८.०१५ = ९०.०७५
एकूण: २४९.६८ ग्रॅम प्रति मोल

निर्जल कॉपर सल्फेटचे मोलर वस्तुमान १५९.६० आहे, म्हणजे निळ्या स्फटिकाच्या वस्तुमानाचा ३६ टक्क्यांहून अधिक भाग निव्वळ पाण्याचा आहे. धुण्याच्या सोड्याच्या स्फटिकात हे प्रमाण आणखी मोठे असते: एनए२सीओ३ चे १०५.९८८ आणि पाण्याच्या दहा रेणूंचे १८०.१५ मिळून २८६.१४, त्यामुळे निम्म्याहून जास्त वस्तुमान पाण्याचेच. वर अर्धवट सोडलेल्या पोटॅशिअम फेरोसायनाइडमध्ये पाण्याच्या तीन रेणूंचे ५४.०४५ मिळवले की ४२२.३९ ग्रॅम प्रति मोल हे उत्तर मिळते.

नावावरून सूत्र लिहायचे असेल तर

प्रश्नात सूत्राऐवजी नाव दिलेले असेल, तर धातूची संयुजा, म्हणजे त्याची इतर अणूंशी जोडले जाण्याची क्षमता, आधी पाहावी. आयर्न क्लोराइड एवढेच म्हणून भागत नाही, कारण लोहाची संयुजा २ असेल तर सूत्र एफई-सीएल२ आणि मोलर वस्तुमान १२६.७५, आणि ३ असेल तर एफई-सीएल३ आणि १६२.२०. नावात कंसात दिलेला रोमन अंक ही संयुजा सांगतो, अणूंची संख्या नाही.

मूलद्रव्यांच्या बाबतीतही असाच घोटाळा होतो. हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लुओरिन, क्लोरीन, ब्रोमीन आणि आयोडीन ही मूलद्रव्ये दोन-दोन अणूंच्या रेणूंच्या रूपात आढळतात, त्यामुळे ऑक्सिजन वायूचे मोलर वस्तुमान १५.९९९ नसून ३१.९९८ असते. ओझोनच्या रेणूत तीन अणू असल्याने ते ४७.९९७ होते. एक मोल ऑक्सिजन असे कोणी म्हटले, तर अणूंविषयी बोलणे चालू आहे की रेणूंविषयी, हे विचारून घ्यावे.

पूर्णांक कधी, दशांश किती

शाळेच्या पातळीवर हायड्रोजन १, कार्बन १२, ऑक्सिजन १६ असे पूर्णांक वापरतात आणि त्यात काही वावगे नाही. अशा आकड्यांनी ग्लुकोजचे उत्तर १८० येते, अचूक उत्तरापासून ०.१ टक्क्याहूनही कमी दूर. क्लोरीनला मात्र ही सवलत देता येत नाही, त्याला निदान ३५.५ धरावे लागते. कार्बन टेट्राक्लोराइडचे मोलर वस्तुमान १५३.८१ आहे, पण क्लोरीन ३५ धरले तर १५२ आणि ३६ धरले तर १५६ येते, कारण ती चूक चार अणूंनी चौपट होते. तांब्यालाही ६३.५ च धरावे.

प्रयोगशाळेत तक्त्यातील पूर्ण आकडे घेऊन गणित करावे आणि पूर्णांकन सर्वांत शेवटी एकदाच करावे. बेरजेतील ज्या आकड्याला सर्वांत कमी दशांश स्थळे असतील, तितकीच स्थळे उत्तरात ठेवावीत. गंधक आणि क्लोरीन यांचे आकडे दोनच दशांश स्थळांचे असल्यामुळे त्यांच्या संयुगांची वरील अंतिम उत्तरे मी दोन स्थळांपर्यंत लिहिली आहेत. गणनयंत्र दहा अंक दाखवते म्हणून दहा अंक लिहिणे म्हणजे नसलेल्या अचूकतेचा दावा करणे होय.

उत्तर पडताळून पाहणे

पहिली पडताळणी गणित सुरू करण्यापूर्वीच करावी: पूर्णांकांनी तोंडी अंदाज घ्यावा. कॅल्शिअम कार्बोनेटसाठी ४० + १२ + ४८ = १००, आणि अंतिम उत्तर १००.०८६. अंदाज आणि उत्तर यांत मोठी तफावत असेल, तर पुढे जाऊ नये.

दुसरी रीत मला अधिक आवडते, कारण तिच्यात रसायनशास्त्र आहे. संयुगाची एखादी साधी अभिक्रिया घ्यायची आणि दोन्ही बाजूंची मोलर वस्तुमाने जुळतात का ते पाहायचे. कॅल्शिअम कार्बोनेट तापवले की कॅल्शिअम ऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड मिळतात. पहिल्याचे ५६.०७७, दुसऱ्याचे ४४.००९, बेरीज १००.०८६. वस्तुमान नाहीसे होत नाही, म्हणून ही बेरीज जुळलीच पाहिजे, आणि जुळली नाही तर तीन सूत्रांपैकी एकाच्या वाचनात चूक आहे.

तोलताना

आता या आकड्याचा उपयोग पाहू. आपल्याला कॉपर सल्फेटचे ०.१ मोल प्रति लिटर संहतीचे ५०० मिलिलिटर द्रावण करायचे आहे. अर्ध्या लिटरला ०.१ × ०.५ = ०.०५ मोल लागतील. मोलची संख्या मोलर वस्तुमानाने गुणली की ग्रॅम मिळतात, आणि ग्रॅमना मोलर वस्तुमानाने भागले की मोल मिळतात. निळे स्फटिक वापरायचे असतील तर ०.०५ × २४९.६८ = १२.४८ ग्रॅम, आणि पांढरी निर्जल भुकटी वापरायची असेल तर ०.०५ × १५९.६० = ७.९८ ग्रॅम तोलावे लागतील.

विद्यार्थी असताना मी निळे स्फटिक हाताशी असूनही निर्जल क्षाराचा आकडा धरून ७.९८ ग्रॅम तोलले होते. द्रावण नीट झाले, दिसायला निळेही होते, पण त्याची संहती ०.१ ऐवजी सुमारे ०.०६४ मोल प्रति लिटर होती आणि त्यावर आधारलेली त्या दिवसाची सारी निरीक्षणे फेकून द्यावी लागली. तेव्हापासून मी बाटलीवरील लेबल पूर्ण वाचल्याशिवाय तराजूजवळ जात नाही. लेबलवर सूत्र स्फटिकजलासह छापलेले असते आणि बहुधा मोलर वस्तुमानही दिलेले असते. आधी आपण स्वतः ते काढावे, मग छापील आकड्याशी ताडून पाहावे. फरक १८.०१५ च्या पटीत आला, तर स्फटिकजलाचे रेणू मोजण्यात गफलत झाली आहे हे लगेच ओळखता येते, आणि पदार्थ काट्यावर ठेवण्याआधीच चूक दुरुस्त होते.